हार्पवर एकल कार्यक्रम: फक्त हार्पसाठीच लिहिलेलं वाजवलं तर?

सत्तेचाळीस_तारा
वय सतरा, आठ वर्षं पेडल हार्प (पायांनी पेडलं दाबून सूर बदलता येणारी मोठी हार्प) शिकतेय. पहिल्यांदाच एकटीने चाळीस मिनिटं वाजवायचं आहे. फ्रेंच संगीतकार फोरेचा इम्प्रॉम्प्टू (उत्स्फूर्त वाटणारी रचना) बसलाय. बाकी वेळेसाठी सगळे सांगतात, पियानोच्या ओळखीच्या रचना घे, लोकांना त्याच आवडतात. माझं मन घेत नाही. हार्पसाठीच लिहिलेलं एवढा वेळ पुरेल का? आणि क्रम कसा लावू?

जुनी_वादक
पुरून उरेल गं. मी तीस वर्षं वाजवतेय, अजून सगळं हाताखालून गेलेलं नाही.

आधी फोरेबद्दल बोलते, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. 1904 साली पॅरिस कॉन्झर्व्हातोआर या संगीत विद्यालयाच्या स्पर्धेसाठी लिहिलेली ही रचना डी फ्लॅट मेजर पट्टीत आहे. पेडल लावताना खाली बघ, प्रत्येक सुराच्या नावाला एक अशी सात पेडलं: सी आणि एफ तेवढे मधल्या खाचेत, बाकी पाचही वर. पेडल वर असलं की तार पूर्ण लांबीची मोकळी राहते, म्हणून तिथे हार्प भरून गुंजते. म्हणजे तुझ्या लाल (सी) आणि काळ्या (एफ) तारा सोडल्या तर सगळ्या मोकळ्या! पियानोवर याला काही अर्थ नाही. हार्पसाठी लिहिलेलं म्हणजे काय, ते हे.

सुरुवात संगीतकार श्पोरच्या सी मायनर फँटसीने कर. 1807 च्या सुमाराची आहे. त्याची बायको डोरेट स्वतः हार्पवादक होती. सुरुवातीचा भाग सुचेल तसं वाजवल्यासारखा मोकळा आहे, हातही गरम होतात. मग हिंडेमिथचा 1939 चा सोनाटा, त्यानंतर जर्मेन तायफेरचा सोनाटा, शेवटी फोरे. ब्रिटनचा स्वीट (छोट्या भागांची मालिका) मला प्राणप्रिय आहे, पण पहिल्याच कार्यक्रमात नको. त्याला निवांत वेळ दे.

फक्त_श्रोता
मी वाजवत नाही, ऐकतो. हिंडेमिथच्या तिसऱ्या भागामागे जर्मन कवी होल्टीची कविता आहे: मित्रांनो, मी गेल्यावर माझी छोटी हार्प वेदीमागे टांगून ठेवा. एका कार्यक्रमात वादक बाईंनी वाजवण्याआधी एवढंच सांगितलं होतं. त्यानंतर सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. तू पण सांग. ओळखीचं नसलेलं असं ओळखीचं होतं.

सत्तेचाळीस_तारा
दोघांचेही आभार. कविता नक्की सांगेन. ताई, हिंडेमिथ थोडा वाचून पाहिला. पेडल बदलताना तार झणझणते, ते कसं घालवू?

जुनी_वादक
तार अजून थरथरत असताना पेडल हललं की वर त्याने फिरणारी चकती त्या तारेला घासते, तोच तो आवाज. तो पायाचा नाही, हाताचा दोष असतो. आधी तळव्याने तार शांत कर, मग पेडल, आणि पेडल सावकाश नको, एका दमात पुढच्या खाचेत. रोज दहा मिनिटं हात मांडीवर ठेवून नुसत्या पायांनी अख्खा भाग 'वाजव', मनात सूर म्हणत. नंतर उलटं कर: पेडल स्थिर, आणि फक्त तारा थांबवायचा सराव. आमच्याकडे सूर काढण्याइतकंच सूर थांबवणंही शिकावं लागतं, आणि ते कोणी मुद्दाम शिकवत नाही. आठवडाभराने कळव, कोणत्या मापाला (बारला) अडतेस ते. तिथली पेडलं लिहून पाठव, आपण बघू.