मदत हवी आहे: ॲक्युपंक्चरची पहिली सिटिंग गुरुवारी, जाऊ की नको?

खारूताई
उद्या दुपारपर्यंत हो-नाही कळवायचं आहे, त्यामुळे पटापट लिहा. तीनच प्रश्न. दुखतं का? किती वेळा जावं लागतं? अपाय होतो का? शोधून झालंय, एक जण चमत्कार म्हणतो, दुसरा थोतांड. स्वतः सुया टोचून घेतलेल्यांनीच उत्तर द्या. चीनचा इतिहास नको.

नीलांबरी
कशासाठी जाताय?

गप्पिष्ट
इतिहास नको म्हणालात, पण एवढं ऐकाच. १९७१ साली न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन बीजिंगला गेले असताना त्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं. भूल न देता, नुसत्या सुयांवर! पठ्ठ्याने तिथूनच पेपरात लिहिलं आणि अमेरिकेत लाट आली. बिनधास्त जा ताई.

शंकासूर
झाली सुरुवात. अहो, ऑपरेशन भुलीचं इंजेक्शन देऊनच झालं होतं. नंतर पोट फुगून अस्वस्थ वाटायला लागलं, तेव्हा कोपराला आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या. रेस्टननी स्वतःच तसं लिहिलंय. लोक अर्धाच लेख वाचतात आणि पन्नास वर्षं सांगत फिरतात.
बाकी जर्मनीत २००७ साली पाठदुखीच्या १,१६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. खऱ्या बिंदूंवर, म्हणजे ॲक्युपंक्चरमध्ये ठरलेल्या जागांवर, सुया टोचल्यावर ४७.६ टक्क्यांना फरक पडला. भलत्याच जागी, वरवर टोचल्यावर ४४.२ टक्क्यांना. आता सांगा, ते ३६१ बिंदू पाठ करून काय मिळवलं?

गप्पिष्ट
तिसरा आकडा गिळलात की! नेहमीचे उपचार, म्हणजे गोळ्या, व्यायाम वगैरे घेणाऱ्यांत २७.४ टक्केच. रुग्णाला आराम पडल्याशी मतलब.

शंकासूर
गिळला नाही. सुई कुठेही टोचली तरी साधारण तेवढंच बरं वाटत असेल, तर बिंदूंना विशेष अर्थ नाही एवढंच म्हणतोय. ब्रिटनमध्ये कुठले उपचार द्यावेत ते सांगणाऱ्या नाईस या संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी हे देऊ नका असंच सांगितलं.

गप्पिष्ट
आणि त्याच संस्थेने २०२१ मध्ये जुनाट दुखण्यासाठी विचार करायला हरकत नाही म्हटलं. तेही सांगा ना.

खारूताई
माझी पाठ दुखत नाही!! कंबरही नाही. डोकं दुखतं. अर्धशिशी. वर लिहिलंय ना?

नीलांबरी
नाही लिहिलंत.
पण मग आकडे जरा बरे आहेत. कॉक्रेन ही संस्था झालेल्या चाचण्या एकत्र करून तपासते, तिच्या २०१६ च्या आढाव्यात अर्धशिशीच्या २२ चाचण्या आहेत. खऱ्या सुया घेतलेल्यांपैकी साधारण निम्म्यांचे झटके निम्म्यावर आले, खोट्यांमध्ये ४१ टक्क्यांचे. फरक लहान आहे, पण आहे. उपयोग झटके कमी व्हावेत म्हणून. चढलेलं डोकं तिथल्या तिथे उतरेल अशा आशेने जाऊ नका. साधारण ५ ते ८ आठवड्यांत १० सिटिंगपर्यंत. पाच-सहा होऊनही काहीच हलत नसेल तर "अजून दहा घ्या" म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

मधलाबाक
सुया हव्यात कशाला? अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात जोरात दाबा, दोन मिनिटांत डोकं गायब. मी ऑफिसात रोज करतो.

नीलांबरी
ते ॲक्युप्रेशर. रोज करावं लागतंय म्हणजे गायब होत नाहीये. आणि गरोदरपणी तो बिंदू टाळतात, सरसकट सगळ्यांना सांगू नका.

सुईदोरा
मी घेतलंय, खांद्यासाठी, आठ वेळा. सुई इंजेक्शनसारखी नसते. पोकळ नाही, भरीव, आणि केसाहून जाड, पाव मिलिमीटर वगैरे. टोचताना मुंगी चावल्यागत. मग आत खोल जड वाटतं, कधी मुंग्या येतात. ते वाटलं की सुई नीट लागली असं ते लोक मानतात. पण झणकन वीज गेल्यासारखं झालं तर लगेच सांगायचं. वीसेक मिनिटं पडून राहायचं. उपाशीपोटी जाऊ नका, मी पहिल्या वेळी गेलो आणि उठल्यावर भोवळ आली. पाकीट समोर फोडायला सांगा, वापरलेली सुई पुन्हा नको.
गोळ्या कुठल्या चालू आहेत?

खारूताई
धन्यवाद, हे हवं होतं. गोळ्या नेहमीच्याच.

सुईदोरा
नेहमीच्या म्हणजे?

खारूताई
रक्त पातळ राहायची, वॉरफरिन. सहा वर्षांपूर्वी हृदयाची झडप बदलली, तेव्हापासून. त्याचा डोक्याशी काय संबंध?

नीलांबरी
अहो बाई! हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. डोकेदुखी जुनीच आहे ना? या गोळ्या चालू असताना डोकं नव्याने किंवा वेगळ्या तऱ्हेने दुखायला लागलं, किंवा आपटल्यावर दुखायला लागलं, तर सुया नाहीत, सरळ हॉस्पिटल.

खारूताई
कॉलेजपासूनचीच आहे, तशीच. स्कॅन झालाय.

नीलांबरी
ठीक. मग आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे तो तपासणीचा आकडा, काय आहे ते विचारा. तो आटोक्यात असेल तर सहसा सरसकट नाही म्हणत नाहीत, पण सुया उथळ आणि कमी टोचतात, काढल्यावर जागा दाबून धरतात. दुसरं म्हणजे कानात चिकटपट्टीखाली दिवसेंदिवस ठेवतात त्या बारीक सुया झडप बदललेल्यांनी घ्यायच्या नाहीत. जंतुसंसर्ग झडपेपर्यंत जाऊ शकतो. छाती आणि खांद्याच्या वरच्या भागात खोल टोचू देऊ नका. फुप्फुसाला भोक पडणं दुर्मीळ आहे, पण घडलेलं आहे.

शंकासूर
आता कसं. मी यासाठीच म्हणत होतो की जाऊ नका.

सुईदोरा
तुम्ही यासाठी अजिबात म्हणत नव्हतात.

गप्पिष्ट
पेसमेकर असेल तर सुयांना करंट लावू देऊ नका, हेही राहिलं.

खारूताई
नाहीये पेसमेकर. फोन केला. डॉक्टर म्हणाले या आठवड्यात रक्त तपासा, आकडा नीट आला तर पुढच्या आठवड्यात जा, कानातल्या सुया नाहीत. गुरुवार रद्द केला. तिथल्या माणसाने गोळ्यांबद्दल आधी काहीच विचारलं नव्हतं, आता विचार करतेय की दुसरा शोधावा.

मधलाबाक
तोपर्यंत बेचक्यात दाबा.