लिंटरची सूचना वाचली जावी यासाठी ती कशी लिहावी?

प्रश्न (जळगाव):
नमस्कार. रावेर-सावदा भागातील केळी व्यापाऱ्यांसाठी आम्ही जावास्क्रिप्टमध्ये हिशेबाची प्रणाली लिहितो. भाव क्विंटलला ठरतो आणि काट्यावरचे वजन मात्र किलोत येते. दोन्हींचा थेट गुणाकार झाला, तर बिल शंभर पटींनी फुगते. हे टाळण्यासाठी आम्ही ईएसलिंट या लिंटरमध्ये (कोड न चालवता त्यातील चुका दाखवणाऱ्या साधनात) स्वतःचा नियम लिहिला आहे. तथापि तो केवळ ‘एककांची विसंगती’ एवढेच सांगतो आणि संपूर्ण फंक्शनखाली लाल रेघ ओढतो. त्यामुळे नवे सहकारी नियम बंद करणारी कॉमेंट टाकून पुढे जातात. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (धुळे):
सर्वप्रथम जागा नेमकी करावी. सूचना देणाऱ्या ‘रिपोर्ट’ला फंक्शनचा नोड (कोडच्या रचनेतील घटक) न देता गुणाकाराचा नोड दिल्यास रेघ तेवढ्याच भागाखाली येते. दुसरे असे की, मजकुरात त्या ओळीतील व्हेरिएबलची नावे यायलाच हवीत, नियमाच्या ‘मेटा.मेसेजेस’मध्ये (जिथे सूचनांचा मजकूर लिहितात) दुहेरी महिरपी कंसांत जागा सोडून ‘डेटा’मधून ती भरता येतात. मग सूचना अशी दिसेल: “‘वजनकेजी’ किलोत आहे, ‘भावक्विंटल’ प्रतिक्विंटल आहे, गुणण्यापूर्वी वजनाला 100 ने भागा.” काय चुकले आणि काय करायचे, हे एका वाचनात कळते. सध्याच्या दोन शब्दांत यांपैकी काहीच नाही, त्यामुळे आपल्या सहकाऱ्यांना दोष देणे मला योग्य वाटत नाही.

उत्तर (नंदुरबार):
वरील मताशी सहमत आहे. फक्त बिल फुगण्याचे कारणही सूचनेतच कोंबण्याचा मोह टाळावा. टर्मिनलवर प्रत्येक सूचना एका ओळीत येते आणि लांबलेली ओळ कोणी वाचत नाही. कारण, चुकीचे उदाहरण व दुरुस्त उदाहरण यांचे स्वतंत्र पान करून त्याचा पत्ता ‘मेटा.डॉक्स.यूआरएल’मध्ये द्यावा. व्हीएस कोड या एडिटरमध्ये नियमाच्या नावावर क्लिक करताच ते पान उघडते.

उत्तर (मूळ अमळनेर, सध्या पुणे):
एक महत्त्वाची गोष्ट राहिली. हा भागाकार आपोआप घालणारी ‘फिक्स’ कृपया लिहू नये. वजन आधीच क्विंटलमध्ये बदललेले असून केवळ व्हेरिएबलचे नाव जुने राहिले असेल, तर फिक्स पुन्हा 100 ने भागेल, बिल एक शतांशावर येईल आणि लिंटर मात्र समाधानी दिसेल. प्रोग्रामचे वर्तन बदलणारी दुरुस्ती ‘फिक्स’मध्ये नसावी, असे ईएसलिंटचे दस्तऐवजही सांगतात. अशा ठिकाणी ‘सजेशन’ द्यावे. ते एडिटरमध्ये दिसते आणि माणसाने निवडल्याशिवाय लागू होत नाही. ‘वजनाला 100 ने भागा’ आणि ‘व्हेरिएबलचे नाव बदला’ असे दोन्ही पर्याय ठेवता येतील.

नियम बंद करणाऱ्या कॉमेंटवर सरसकट बंदी नको. 2020 मधील सातव्या आवृत्तीपासून तिच्यात दोन आडव्या रेघांनंतर कारण लिहिता येते. ते कारण लिहिलेच पाहिजे, असा दंडक कोड तपासताना पाळावा. एकाच नियमाखाली तेच कारण वारंवार दिसू लागले, तर नियमाची अट चुकीची आहे असे समजून ती आधी सुधारावी.