जुने किर्लोस्कर, स्त्री, दीपावली जमवायचेत, सुरुवात कशी करू?

मिरजकर_लेक
नमस्कार मंडळी. आजीच्या कपाटात १९५० च्या आसपासची मासिकं सापडलीत, जास्त करून किर्लोस्कर आणि स्त्री, थोडे अमृतचे अंक आणि चित्रकार दीनानाथ दलालांचे दोन-तीन दीपावली अंक. सहज चाळायला घेतले आणि दुपार कशी गेली कळलंच नाही, एकाच अंकात कथा, प्रवासवर्णन, तब्येतीवरचा लेख, मधेच साबणाची नाहीतर शिलाई मशीनची जाहिरात, घरातल्या सगळ्यांना पुरेल असं काहीतरी. आता मनात असं आहे की मधले नसलेले अंक शोधून जमेल तेवढा संच पूर्ण करायचा. पण काही अंकांचं कव्हर आणि पहिली पानं गेलीत, साल कसं ओळखायचं? घरचे म्हणतात सरळ बाइंडिंग करून टाक, करू का? आणि पिना गंजून पानांना चिकटल्यात, कडांना हात लावला की तुकडे पडतायत, हे बघून फार वाईट वाटतं.

रविवारचा_जुनाबाजार
ताई, खजिनाच आहे हा. सालाचं सांगतो. आधी किंमत कुठे छापलीय का बघा, नसेल तर वर्गणीच्या जाहिरातीत असतेच. आण्यांत असेल तर अंक १९५७ च्या आधीचा धरायला हरकत नाही, कारण १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ च्या मधला, जून १९६४ पासून ‘नये’ गेलं आणि नुसते पैसे राहिले. नंतर पत्ता बघा. मुंबई ४, पुणे २ असा नुसता आकडा असेल तर बहुतेक १९७२ च्या आधीचा, कारण सहा आकडी पिनकोड त्या वर्षी १५ ऑगस्टला सुरू झाला. आणि तुम्ही सांगलीकडच्या म्हणून खास तुमच्यासाठी, किर्लोस्करवाडीचा पत्ता असेल तर त्यापुढे काय लिहिलंय ते नीट वाचा. वाडी आधी औंध संस्थानात होती, संस्थान विलीन झाल्यावर १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० ला त्याचंच नाव सांगली झालं. म्हणजे पत्त्याच्या एका ओळीवरून अकरा वर्षांचा पट्टा हातात येतो, मग आतल्या सिनेमाच्या जाहिराती बघून वर्षसुद्धा काढता येतं.

शोधायचं म्हणाल तर पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, सकाळी लवकर जा. मुंबईत फोर्टातले फुटपाथवरचे पुस्तकवाले. पण खरं सांगू का, सगळ्यात चांगले अंक गावच्या रद्दीवाल्याकडे मिळतात, त्याला नंबर देऊन ठेवा आणि रद्दीच्या भावापेक्षा चार पैसे जास्त द्या, तो आठवणीने फोन करतो.

गिरगावची_वाचक
बाइंडिंग अजिबात करू नका!! पूर्वी वाचनालयं आणि घरोघरचे हौशी लोक वर्षाचे बारा अंक एकत्र बांधायचे तेव्हा बाइंडर काय करायचा, कव्हरं काढून टाकायचा, जाहिरातींची पानं काढायचा आणि तिन्ही बाजूंनी कटिंग मारायचा. मजकूर राहिला पण तो अंक दिसायचा कसा, त्या काळी माणसं काय विकत घेत होती, कशाची स्वप्नं बघत होती ते सगळं गेलं. म्हणून आज बांधलेले खंड तसे मिळतात पण कव्हरसकट सुटा अंक मिळत नाही. तुमच्याकडे तो आहे, तसाच जपा.

गंजलेली पिन ओढू नका, कागद फाटतो. अंक मधोमध उघडून पातळ सुरीने पिनेचे पाय मधल्या पानावर हळूच सरळ करा, मग मागून काढा आणि त्याच भोकांतून सुती दोरा घालून सैल टाका घ्या. सेलोटेप, फेविकॉल, लॅमिनेशन यातलं काही नको, टेपचा डिंक पिवळा पडून अक्षरांत उतरतो तो परत निघत नाही. अंक आडवे ठेवा, माळ्यावर नको कारण तिथे उन्हाळ्यात भट्टी असते. कसर लागली असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून डीप फ्रीजरला आठ-दहा दिवस, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, दिवसभर तशीच राहू दे नाहीतर कागदावर पाणी सुटतं. दिवाळी अंकातली आर्ट पेपरची चित्रं ओलीपासून जपा, ती एकमेकांना चिकटली की संपलं.

कोकणी_मेवा
दीपावलीतली दलालांची चित्रं काढून फ्रेम केली तर हॉलमध्ये काय सुंदर दिसतील. माझ्या ओळखीतल्या एकाने केलीत.

गिरगावची_वाचक
@कोकणी_मेवा कळकळीने सांगते, नका हो असं सुचवू. दलालांनी १९४५ ला दीपावली काढला तो स्वतःचा अंक म्हणून, चित्रकारच मालक, त्यामुळे चित्र कुठे, कथेला रेखाटन कुठे, हे त्यांच्याच नजरेतून ठरायचं. त्यातलं पान काढलं की बाकीचा अंक अपंग होतो. चांगलं स्कॅन काढा, प्रिंट फ्रेम करा, भिंतीवर तेवढंच छान दिसतं आणि ऊन लागून मूळ चित्र उडत नाही. फक्त स्कॅन विकायला किंवा नेटवर टाकायला जाऊ नका, दलाल १९७१ ला गेले आणि आपल्याकडे कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षं असतो.

कोकणी_मेवा
पटलं, स्कॅनचंच बरं.

मिरजकर_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. एका बिनकव्हरच्या किर्लोस्करवर वर्गणी रुपये-आण्यांत आणि तळाला ‘जि. दक्षिण सातारा’ सापडलं, म्हणजे १९४९ ते ५७ मधला. बाइंडिंगचा विषय घरी बंद केलाय. स्त्रीचे काही अंक माझ्याकडे दोन-दोन आहेत, कव्हरसकट. विकायचे नाहीत, पण कुणाकडे त्याच काळातले किर्लोस्कर किंवा मनोहर जास्तीचे असतील तर अदलाबदल करूया, मेसेज करा.

रविवारचा_जुनाबाजार
मनोहरचे थोडे आहेत माझ्याकडे, एकाचं शेवटचं पान नाहीये पण कव्हर शाबूत आहे. आधी महिने आणि सालं लिहून पाठवतो, त्यातले तुमच्याकडे नसलेले सांगा. पोस्टाने पाठवताना दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा घाला हं, दुमडून आलेला अंक मधोमध तुटतोच.