बंदिस्त क्रीडागृहातील कबड्डी: बर्स्टमधील प्रत्येक फ्रेमचे एक्स्पोजर वेगळे का येते?

मध्यरेषा यांचा प्रश्न:

नमस्कार. आमच्या भागातील शालेय कबड्डी स्पर्धा यंदा मैदानाऐवजी बंदिस्त क्रीडागृहात, मॅटवर खेळवल्या गेल्या आणि त्यांची छायाचित्रे काढण्याचे काम माझ्याकडे होते. शटर १/१००० सेकंद, ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/२.८ आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ६४०० असे सर्व मॅन्युअल ठेवले होते. तरीही चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावतो आणि मागून दोन-तीन बचावपटू त्याला पकडतात, अशा एकाच बर्स्टमधील (बटण दाबून ठेवून सलग काढलेल्या फोटोंमधील) फ्रेम पाहिल्या तर एक व्यवस्थित येते, पुढची काळवंडते आणि त्यापुढच्या एखादीत खालचा अर्धा भाग पिवळसर दिसतो. डोळ्यांना मात्र प्रकाश पूर्णपणे स्थिर वाटत होता. हा कॅमेऱ्याचा दोष समजावा की यामागे आणखी काही कारण आहे?

उजवा कोपरा यांचे उत्तर:

सर्वप्रथम एक गोष्ट पडताळून पाहावी. अनेक कॅमेऱ्यांत मॅन्युअल मोड निवडल्यावरही ऑटो आयएसओ (कॅमेऱ्याने आयएसओ स्वतः बदलणे) चालू राहू शकतो, आणि तसे झाले की पांढऱ्या जर्सीचा संघ चौकटीत आला की फोटो काळवंडतो व गडद जर्सी आली की उजळतो, कारण कॅमेऱ्यातील प्रकाश मोजणारा मीटर चौकटीतील सर्व काही मध्यम करड्या छटेवर आणू पाहतो. आपण आयएसओ ६४०० लिहिले आहे, परंतु प्रत्येक फाइलच्या माहितीत तोच आकडा नोंदला गेला आहे का, हे पाहावे. आकडे बदलत असतील तर दोष मीटरिंगचा आहे. शटर, ॲपर्चर आणि आयएसओ हे तिन्ही सर्व फ्रेममध्ये तेच असूनही उजेड बदलत असेल, तर मात्र मीटरचा त्यात काहीही संबंध नाही आणि शोध दिव्यांकडे वळवावा लागेल.

मध्यरेषा:

आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले. सर्व फ्रेममध्ये तिन्ही आकडे तंतोतंत तेच आहेत. आणखी एक गोष्ट लक्षात आली: उजेड अचानक उड्या घेत नाही, तर चार-पाच फ्रेम हळूहळू मंद होत जातात आणि मग पुन्हा उजळतात.

सावलीचा हिशेब यांचे उत्तर:

आपले हे शेवटचे वाक्यच निदान सांगून जाते. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे क्रीडागृहांतील मेटल हॅलाइडसारख्या दिव्यांचा आणि स्वस्त चालकावर (दिव्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटवर) चालणाऱ्या बऱ्याच एलईडींचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, म्हणजे त्याचे एक आवर्तन १० मिलिसेकंदांचे असते. डोळ्यांना ते जाणवत नाही. पण १/१००० सेकंद उघडे राहणारे शटर त्या आवर्तनाचा केवळ दहावा भाग टिपते, आणि तो भाग शिखराजवळचा आहे की तळाजवळचा, हे निव्वळ योगायोगावर ठरते. कॅमेऱ्याचा वेग सेकंदाला बरोबर दहा फ्रेम असता तर प्रत्येक फ्रेम आवर्तनाच्या एकाच टप्प्यावर पडली असती. प्रत्यक्षात तो वेग किंचित मागेपुढे असतो, म्हणून प्रत्येक फ्रेम थोडी थोडी सरकत जाते आणि आपल्याला ती संथ लाट दिसते.

खालच्या पिवळसर पट्ट्याचे कारणही हेच आहे. एवढ्या जलद वेगाला यांत्रिक शटर संपूर्ण सेन्सर एकाच वेळी उघडत नाही. त्याच्या दोन पडद्यांमधील फट वरपासून खालपर्यंत सरकते आणि त्या प्रवासाला साधारण तीन ते चार मिलिसेकंद लागतात. तेवढ्या अवधीत दिव्याचा उजेड बदलतो आणि काही दिव्यांत प्रकाशाचा रंगही बदलतो, म्हणून एकाच फ्रेमच्या दोन टोकांना दोन वेगळ्या छटा येतात. इलेक्ट्रॉनिक शटर वापरले तर बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर वाचला जाण्यास याहून बराच अधिक वेळ लागतो आणि एकाऐवजी अनेक पट्टे उमटतात. तेव्हा अशा ठिकाणी यांत्रिक शटरच बरे.

उपाय म्हणजे कॅमेऱ्यातील अँटी-फ्लिकर. कॅननने २०१४ च्या सेव्हन डी मार्क टू मध्ये ही सोय दिली आणि निकॉनच्या २०१६ च्या डी ५०० मध्येही ती आहे. कॅमेरा प्रकाशाचे आवर्तन ओळखतो आणि शिखराच्या क्षणीच शटर सोडतो. शिखराच्या आसपास उजेड जवळजवळ सपाट असतो, म्हणून फ्रेम एकसारख्या येतात. फक्त फ्रेमच्या कडा किंचित मंद राहू शकतात आणि बर्स्टचा वेग थोडा घटतो.

उजवा कोपरा:

ज्यांच्या कॅमेऱ्यात ही सोय नाही, त्यांनी शटर १/१०० ठेवावे. मग फ्रेम केव्हाही सुरू झाली तरी एक पूर्ण आवर्तन तिच्यात सामावते आणि उजेड समान येतो.

पाऊल बाहेर यांचे उत्तर:

हिशेब म्हणून हे बरोबर आहे, परंतु कबड्डीसाठी हा सल्ला मी देणार नाही. १/१०० ला बोनस घेणाऱ्याचा पाय आणि पकडीतील हात दोन्ही धूसर होतात, आणि एकसारख्या उजेडातील धूसर फोटो वृत्तपत्राला किंवा शाळेला कशासाठी हवा असेल? दोन चढायांच्या मधला क्षण, पंचांचा निर्णय, प्रशिक्षकाचा चेहरा यांसाठी १/१०० जरूर वापरावे. प्रत्यक्ष खेळासाठी १/८०० च्या आसपासच राहावे, लांब बर्स्ट घ्यावेत आणि शिखरावर पडलेल्या फ्रेम निवडाव्यात.

जागेची निवडही महत्त्वाची आहे. मोठ्या क्रीडागृहात दिवे बहुधा विजेच्या तीन फेजवर (एकमेकींच्या मागेपुढे चढउतार होणाऱ्या तीन वाहिन्यांवर) वाटलेले असतात. तिन्ही फेजच्या दिव्यांचा उजेड जेथे सारख्या प्रमाणात मिसळतो, तेथे एकाचा उतार दुसऱ्याचा चढ भरून काढतो आणि चढउतार जवळजवळ नाहीसा होतो. सामन्यापूर्वी रिकाम्या मॅटच्या प्रत्येक भागाचा एकेक बर्स्ट घेऊन पाहिला की कोणत्या लॉबीकडे उजेड स्थिर आहे ते लगेच कळते. गावच्या मैदानावर जनरेटरवर चालणारे सर्व दिवे पुष्कळदा एकाच फेजवर जोडलेले असतात. तेथे चढउतार सर्वाधिक जाणवतो.

मध्यरेषा:

आता काढलेले फोटो कसे सुधारावेत? लाइटरूम या फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमधील एक्स्पोजर जुळवण्याच्या आज्ञेने काहीच फरक पडला नाही.

सावलीचा हिशेब:

पडणारही नाही. ती आज्ञा शटर, ॲपर्चर आणि आयएसओच्या नोंदींवरून हिशेब करते आणि आपल्या सर्व फाइलींत त्या नोंदी सारख्याच आहेत. दिव्याने काय केले, हे तिला ठाऊक नाही. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइली असतील तर एक चांगली फ्रेम प्रमाण मानून बाकीच्यांचा उजेड आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल) हाताने जुळवावा. पट्टा आलेल्या फ्रेमवर लिनियर ग्रेडियंटने (पूर्वीचा ग्रॅज्युएटेड फिल्टर; एका कडेकडून हळूहळू कमी होत जाणारा बदल) थोडे काम होते, पण चेहऱ्यावरून छटा बदलत गेली असेल तर ती फ्रेम सोडून द्यावी.

कॅमेरा दुरुस्तीला नेण्यापूर्वी दुपारच्या उन्हात पांढऱ्या भिंतीचा याच शटरने एक बर्स्ट घ्यावा. तेथेही फ्रेम बदलत असतील, तर ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवून पुन्हा घ्यावा: फरक नाहीसा झाला तर ॲपर्चरच्या पात्यांची हालचाल तपासून घ्यावी, कायम राहिला तर शटरची.