एअर फ्रान्स ४४७ : वॉर्निंगनेच गोंधळ वाढवला
२००९ मध्ये अटलांटिकमध्ये कोसळलेल्या एअर फ्रान्स ४४७ या विमानाबद्दल काही जण म्हणतात की वैमानिकांना साधं फ्लाइंग येत नव्हतं, ऑटोपायलट सुटल्यावर नुसतं नाक खाली केलं असतं तरी ते वाचलं असतं. सुरुवातीपुरतं पटतं, पण पुढचं त्यात येत नाही. वेग ६० नॉटच्या (ताशी साधारण ११० किमी) खाली दिसला की त्या एअरबस ए३३० चा कॉम्प्युटर अँगल ऑफ अटॅकचं (पंख समोरच्या हवेला किती तिरका आहे त्याचं) रीडिंगच बाद धरायचा आणि स्टॉल वॉर्निंग (पंखांची उचल जाऊन विमान खाली पडू लागल्याचा इशारा) बंद व्हायची, मग नाक जरा खाली घेतलं की वेग वाढून ती परत सुरू, म्हणजे बरोबर केलं की ओरडा आणि चुकीचं केलं की शांतता! त्यात रात्र, खाली अटलांटिक, हातात जेमतेम साडेचार मिनिटं.

त्यामुळे 'साधं फ्लाइंग येत नव्हतं' हे मला अन्यायाचं वाटतं, एवढ्या उंचीवर हाताने विमान सांभाळायचं ट्रेनिंग विमान हाताळणाऱ्या त्या दोन्ही को-पायलटना कधी दिलंच नव्हतं.