गावानं उभी केलेली शाळा पटावर मोजायची का?

माळरान (धागा):
आमच्या वाडीच्या जिल्हा परिषद शाळेचा पट यंदा नऊवर आलाय. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विषय २०२३ मध्ये सरकारनं काढला, तेव्हा राज्यात अशा चौदा हजारांहून जास्त शाळा निघाल्या. तेव्हापासून दर जूनला वाडीत एकच बोलणं, औंदा शाळा राहते का जाते.

माझं म्हणणं सरळ आहे. ही शाळा वाडीची आहे. भिंतीचे दगड आमच्या आजोबांच्या पिढीनं ओढ्यातून बैलगाडीनं आणले. घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा, कडुलिंबाला तारेनं टांगलेला. ती तार खोडात इतकी रुतलीय की आता दिसतही नाही. आमच्या सातारा जिल्ह्यात शिक्षण असंच आलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. पुढं घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा झालं, वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. ज्या शाळेत गावाचा घाम आहे, ती एका आकड्यावर बंद करायचा हक्क कुणाला नाही.

कृष्णाकाठ:
दादा, भावना पोचली, पण मला पटत नाही. माझी भाची अशाच द्विशिक्षकी शाळेत होती. एक गुरुजी प्रशिक्षणाला नाहीतर निवडणुकीच्या कामाला, दुसरे एकटे चार इयत्ता घेऊन बसलेले. पहिलीची पोरं पाटीवर तेच अक्षर तासभर गिरवायची, कारण पुढचं सांगायला माणूस मोकळा नसायचा. तिच्या वर्गात ती एकटीच. भांडायला, खेळायला, उत्तर आधी कोण देतंय म्हणून चढाओढ करायला दुसरं पोर नाही.

आणि कर्मवीरांचं नाव घेता, तर त्यांनी काय केलं? १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढलं आणि खेड्यापाड्यातली पोरं उचलून तिथं आणली. १९२७ मध्ये गांधीजी तिथं येऊन गेले. पोरगं शाळेपर्यंत न्या, हाच त्यांचा मार्ग होता.

माळरान:
ताई, तो मार्ग मोठ्या पोरांसाठी होता. लहानांसाठी त्यांनी उलटं केलं. १९३५ मध्ये साताऱ्यात खेड्यासाठी शिक्षक तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज काढलं आणि १९३८ पासून, जिथं शाळाच नव्हती अशा वाड्यावस्त्यांवर व्हॉलंटरी शाळा सुरू केल्या. त्या पाचशेच्या वर गेल्या. जागा मिळेल तिथं, देवळात नाहीतर धर्मशाळेत. सहा वर्षांच्या लेकराकडं शाळा चालत गेली पाहिजे. शिक्षण हक्क कायद्यानंही पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आतच शाळा मागितलीय. आमच्या वाडीतून मोठ्या गावाला जाताना मधे ओढा आहे. श्रावणात त्याला कमरेएवढं पाणी असतं.

खडूफळा:
मी बावीस वर्षं शिकवतेय, म्हणून कडू बोलते. पट आपोआप पडला नाही. सकाळी साडेसातला पिवळी बस येते आणि शाळा आमची म्हणणाऱ्यांची पोरं टाय लावून तीत बसतात. मी दारोदार फिरून शाळेसाठी पोरं मागितलीत. चहा मिळाला, पोर मिळालं नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला सह्या होतात, माणसं येत नाहीत. आजोबांनी दगड वाहिले हे खरं, पण नातवानं काय वाहिलं तेही सांगा.

माणदेशी:
‘गाव’ म्हणताना जरा थांबा. माझा आजा गावच्या शाळेत उंबऱ्याबाहेर बसून शिकला. मास्तर त्याची पाटी हातात घेत नसत, लांबून बघत. गावानं बांधलेली शाळा सगळ्या गावाची नव्हती. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोर न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला रुपया दंड लावला, १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एका शाळेत बसवायचा हुकूम काढला. तिथं हुकूम लागला, गावाच्या मनावर सोडून भागलं नाही. कर्मवीर मला जवळचे वाटतात ते त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसली म्हणून.

तरीही शाळा बंद करायला माझा विरोध आहे. बंद झाली की पहिल्यांदा घरी बसते ती आमच्या वस्तीतली पोरगी. तिच्यासाठी पिवळी बस नाही.

माळरान:
खडूफळाताई, तुमचं मला लागलं. माझा मुलगा त्याच बसनं जातो. रात्री बायकोशी बोललो. तिचा प्रश्न एकच होता, गुरुजी रोज वर्गावर असतील का? याचं उत्तर माझ्याकडं नाही, आणि ते आल्याशिवाय दुसऱ्याच्या दारात पोर मागायला कुठल्या तोंडानं जाऊ?

माणदेशीदादा, उंबऱ्याचं आमच्या वाडीतही झालं असेल. घरात कुणी कधी काढलं नाही. म्हातारीला विचारतो.

कृष्णाकाठ:
वहिनींचा प्रश्न तोच माझा प्रश्न. चौथीपर्यंत वाडीतच ठेवा, ओढ्याचं मला पटलं. पण दोन्ही शिक्षक वर्षभर वर्गावर राहतील, बाहेरची कामं त्यांच्या गळ्यात पडणार नाहीत, हे ग्रामसभेत ठराव करून वर पाठवा. पाचवीपासून मात्र मोठी शाळा आणि गाडी सरकारची. एवढं होत नसेल तर नऊ पोरांना त्या एका खोलीत अडकवायला माझा विरोध कायम आहे.