उत्तर: साखर काढली की चायना ग्रासच्या जेलीला पाणी का सुटतं

साखरेऐवजी स्टीव्हिया (एका झाडाच्या पानांतलं बिनसाखरेचं गोड) वापरल्यावर चायना ग्रासच्या (समुद्री शेवाळापासूनच्या अगर-अगरच्या) जेलीला पाणी सुटतं, असा प्रश्न होता. त्यावर आलेला "पाणी सुटतं तर चायना ग्रास वाढवा" हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. पाणी कमी सुटतं हे खरं, पण जेली ठिसूळ होते, चमच्याखाली तुकडे पडतात. साखर पाणी धरून ठेवते, स्टीव्हिया ते काम करत नाही. त्यामुळे अर्धा लिटरला ३ ग्रॅम पावडरवरच थांबा आणि जेली त्याच दिवशी संपवा.

आंबटाचा मुद्दा मात्र कुणीच काढला नाही. कोकम किंवा लिंबू चायना ग्राससोबत उकळलं तर आम्लाने त्याची पकड तुटते आणि जेली लिबलिबीत राहते. पावडर ४०० मिली गार पाण्यात कालवून, ढवळत, उकळी आल्यावर पूर्ण २-३ मिनिटं शिजवा. गॅस बंद करून मग १०० मिली कोकमाचं पाणी आणि स्टीव्हिया घाला. कोकमाचं पाणी फ्रिजमधलं नको. ४० अंशांच्या खाली मिश्रण धरायला लागतं, कडेला गुठळ्या होतात. (बाटलीतलं आगळ बहुधा खारट असतं, साधी आमसुलं भिजवा.) गोडी गरम असताना थोडी जास्तच ठेवा, गार झाल्यावर ती कमी लागते. कच्चा अननसही चालतो, त्याने मोडते ती जिलेटिनची (प्राण्यांच्या हाडा-कातडीपासूनच्या पदार्थाची) जेली, चायना ग्रासची नाही.